प्लेगच्या काळातला फॉरवर्ड

मंडळी, शाळेच्या पुस्तकात १८९७ साल दोन ओळींत संपतं. पुण्यात प्लेग आला, रँडसाहेबाने जुलूम केला, चापेकर बंधूंनी त्याला गोळ्या घातल्या. चार मार्कांची टीप. लिहिली की विसरली.

माझं घर सांगलीकडे, आजोळ साताऱ्याकडे आणि पोटापाण्याचं ठिकाण पुणे. म्हणजे या टीपेचा बराचसा भूगोल माझ्या एसटीच्या रूटवरच येतो. तरी ती नीट वाचायचा योग आला तो २०२० मध्ये. नोकरीला लागून जेमतेम वर्ष झालेलं, वर्क फ्रॉम होम म्हणून लॅपटॉप घेऊन सांगलीला आलेलो, आणि घरातल्या प्रत्येकाचा फोन दिवसभर टिंग टिंग वाजत असायचा. लसूण खा. उन्हात बसा. कोंबडी खाऊ नका. रात्री हेलिकॉप्टरमधून औषध फवारणार आहेत, खिडक्या लावून घ्या... हे खूळ स्मार्टफोनने आणलं, असं तेव्हा सगळेच म्हणत होते. त्याच दिवसांत प्लेगबद्दल वाचायला घेतलं, आणि एकेक पान उलटताना वाटत गेलं की हे मेसेज तर आपल्याला आलेले आहेत!

साथीच्या दिवसांत खोटी बातमी कोण पसरवतं? चटकन सुचणारं उत्तर म्हणजे 'अडाणी लोक' किंवा 'आमचे काका'. १८९७ चं उत्तर जरा अवघड आहे. त्या वर्षी सगळ्यांत महागात पडलेला फॉरवर्ड ज्याच्या हातून गेला, तो माणूस फर्ग्युसन कॉलेजात प्रोफेसर होता आणि आकडे हातात असल्याशिवाय न बोलण्याबद्दल त्याची ख्याती होती. त्याच्यापर्यंत येऊच. आधी थोडं मागून सुरू करू.

राणीला काळजं हवीत!

सप्टेंबर १८९६. मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी गाठीच्या तापाचा रुग्ण ओळखला. बघता बघता साथ शहरभर झाली. काही लाख लोक मुंबई सोडून निघाले. गिरण्यांमध्ये रत्नागिरी-साताऱ्याकडची माणसं मोठ्या संख्येने होती, ती मिळेल त्या वाटेने गावाकडे पळाली. (२०२० मध्ये मुंबई-पुण्याहून गावी निघालेले लोक आणि वेशीवर काट्याकुट्या टाकून रस्ता अडवणारी गावं आठवा.)

महापालिकेने आजारी माणसांना आर्थर रोडच्या इस्पितळात हलवायला सुरुवात केली. आणि भुमका उठली की तिथे माणसं मारतात. कशाला? तर मोमियाई काढायला. माणसाच्या देहातून काढलेलं हे औषध सगळ्या दुखण्यांवर चालतं अशी जुनी समजूत. दुसरी आवई त्याहून भारी. ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईतल्या व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला कुणीतरी डांबर फासलं होतं. (पुढे दामोदर चापेकरांनी लिहून ठेवलं की ते काम आपलंच.) तर म्हणे त्या अपमानाने राणी संतापली आहे आणि तिचा राग शांत करायला सरकार इस्पितळातून माणसांची काळजं विलायतेला पाठवतंय. २९ ऑक्टोबर १८९६ ला हजारेक गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला.

आज वाचताना हसू येतं. पण त्या कामगाराच्या जागी उभं राहून बघा. त्याच्या चाळीतून माणूस उचलून नेला जातो. कुठे, ते नीट कळत नाही. आठ दिवसांनी कळतं की तो गेला. प्लेगच्या इस्पितळात गेलेल्यांपैकी बहुतेक परत येत नसत, हे खरंच होतं. म्हणजे कामगाराचा डेटा बरोबर होता, निष्कर्ष चुकला होता. आत काय चालतं हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगणारा ज्याच्यावर त्याचा विश्वास असेल असा नव्हता.

गॉर्डन ऑलपोर्ट आणि लिओ पोस्टमन या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९४७ मध्ये अफवांवर एक पुस्तक लिहिलं. त्यात आपल्यासारख्या इंजिनिअर लोकांना आवडेल असं एक सूत्र आहे: अफवेचा जोर = विषयाचं महत्त्व × संदिग्धता. मधे गुणाकार आहे, हे लक्षात घ्या. एक बाजू शून्य झाली तर अफवा मरते. साथीत 'महत्त्व' शून्य करता येत नाही, जिवाचाच प्रश्न असतो. मग हातात उरते ती संदिग्धता.

आणि १८९७ मध्ये संदिग्धता दोन्हीकडे होती. प्लेगचा जंतू १८९४ मध्ये हाँगकाँगला सापडला होता. पण तो उंदरावरच्या पिसवांमधून माणसाकडे येतो, हे पॉल-लुई सिमोंने दाखवलं १८९८ मध्ये, आणि ते सगळ्यांनी मान्य करायला आणखी काही वर्षं गेली. सरकार गटारं धूत होतं, कौलं उतरवत होतं, सामानसुमान जाळत होतं, आणि उंदीर मजेत पळत होते. उलट घरात उंदीर पडायला लागले की घर सोडून माळावर झोपड्या घालून राहायचं, हा आपल्या खेड्यांतल्या लोकांचा उपाय शास्त्राच्या जास्त जवळचा निघाला.

हाल मात्र सगळ्यांचेच झाले. त्या काळच्या सातारा जिल्ह्याची लोकसंख्या १८९१ मध्ये सुमारे १२ लाख २६ हजार होती, ती १९०१ मध्ये ११ लाख ४७ हजारांच्या आसपास आली. त्यात दुष्काळाचाही वाटा होता. दहा वर्षांत लोकसंख्या वाढायची ती घटली, याचा अर्थ घराघरात काय झालं असेल याची कल्पना करा.

साताऱ्याहून आलेला साहेब

४ फेब्रुवारी १८९७ ला 'एपिडेमिक डिसीजेस ॲक्ट' लागू झाला. जेमतेम चार कलमांचा कायदा. साथ आवरायला सरकारला वाटेल ते करता येईल, मोडणाऱ्याला शिक्षा आणि अंमलबजावणी करणाऱ्याला संरक्षण, असा एकूण मामला. त्याच महिन्यात पुण्याच्या प्लेग कमिटीचं प्रमुखपद वॉल्टर चार्ल्स रँडकडे आलं.

हा रँड आला कुठून? साताऱ्याहून! तिथे तो असिस्टंट कलेक्टर होता. १८९४ मध्ये वाईला मिरवणुकीतल्या वाद्यांवरून प्रकरण झालं, तेव्हा गावातल्या प्रतिष्ठित मंडळींना तुरुंगात पाठवणारा अधिकारी हाच. वाई-साताऱ्याची बातमी पुण्याला पोचायला तेव्हाही वेळ लागत नसे. म्हणजे रँडने पुण्यात पहिलं घर उघडायच्या आधीच त्याच्याबद्दल लोकांचं मत बनलेलं होतं.

१३ मार्च १८९७ ला गोऱ्या सोल्जरांच्या तुकड्या पुण्यातल्या घरांत शिरायला लागल्या. स्वयंपाकघर, देवघर, बायकांची खोली, काही सुटलं नाही. आजारी आणि संशयित माणसांना वेगळं काढणं वैद्यकीय दृष्टीने चुकीचं नव्हतं. पण ते काम बंदूकवाल्या परक्या शिपायांकडे दिलं, काय करतोय आणि का करतोय हे समजावून सांगितलं नाही, आणि तक्रारी ऐकून घ्यायचं सोडून झिडकारल्या. सोल्जरांच्या वागण्याबद्दल लोकांच्या तक्रारी ढिगाने होत्या, वर्तमानपत्रांतून छापूनही येत होत्या.

याच्या तीनच दिवस आधी, १० मार्च १८९७ ला, पुण्यातच आणखी एक मृत्यू झाला होता. सावित्रीबाई फुल्यांचा. मूळच्या साताऱ्याच्या, खंडाळा तालुक्यातल्या नायगावच्या. त्यांचा डॉक्टर मुलगा यशवंत याने हडपसरजवळ ससाणे मळ्यात प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना घातला होता. सहासष्ट वर्षांच्या सावित्रीबाई स्वतः वस्त्यांमधून रुग्णांना तिथे आणत होत्या, आणि त्यातच त्यांना प्लेग झाला. काम एका अर्थाने तेच, आजारी माणसाला घरातून काढून दवाखान्यात नेणं. सोल्जर आला की लोक रुग्ण लपवायचे. सावित्रीबाईंच्या हातात लोकांनी आपली माणसं दिली. पन्नास वर्षं त्या वस्त्यांमध्ये काम केलेल्या बाईबद्दल कुणाला संशय घ्यावासा वाटला नसणार.

साथीत लोकांनी कुणाचं ऐकावं, हे साथ येण्याच्या खूप आधी ठरलेलं असतं, असं मला हे सगळं वाचून वाटतं.

गोखल्यांना आलेली पत्रं

आता त्या प्रोफेसरांकडे येऊ. गोपाळ कृष्ण गोखले, वय ३१. मार्च १८९७ मध्ये ते वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला इंग्लंडला गेले. हिंदुस्थानच्या सरकारी खर्चाचा हिशेब तपासणारं हे कमिशन. गोखल्यांची साक्ष उत्तम झाली. तिकडे मान मिळाला, ओळखी झाल्या, लोक ऐकून घ्यायला लागले. आजच्या भाषेत म्हणजे फॉलोअर वाढले.

इकडे पुण्यात झडत्या सुरू झाल्या आणि गोखल्यांना मित्रांची पत्रं जायला लागली. सगळे ओळखीचे, शिकलेले, सभ्य लोक. त्या पत्रांत एक भयंकर गोष्ट होती: सोल्जरांनी दोन स्त्रियांवर बलात्कार केला आणि त्यातल्या एकीने नंतर जीव दिला.

विचार करा, तुम्ही काय केलं असतं? माणसं विश्वासाची. एकाने नाही, अनेकांनी लिहिलेलं. गोष्ट इतकी गंभीर की गप्प बसणं हाच गुन्हा वाटावा. ऐकून घेणारे लोक समोर आहेत. आणि खात्री करायची तर पत्र बोटीने जायला-यायला महिना-सव्वा महिना. गोखल्यांनी ती गोष्ट पार्लमेंटच्या सभासदांपुढे मांडली आणि 'मँचेस्टर गार्डियन'ला सांगितली. ती छापून आली.

मधल्या काळात पुण्यात आगडोंब उसळला होता. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. आयर्स्ट तिथेच मेला, रँड ३ जुलैला. त्यानंतर धरपकड सुरू झाली. २७ जुलैला टिळकांना राजद्रोहाखाली अटक झाली. नातू बंधूंना खटला न चालवताच १८२७ च्या एका रेग्युलेशनखाली उचललं.

आणि नेमके याच दिवसांत गोखले मुंबईच्या बंदरात उतरले. सरकार म्हणत होतं, पुरावा द्या नाहीतर माफी मागा. गोखल्यांनी पत्रं लिहिणाऱ्या मित्रांना विचारलं. कुणी पुढे यायला तयार नव्हतं. आमचं नाव सांगू नका, म्हणाले. ज्या आठवड्यात टिळक आत गेले त्या आठवड्यात कोण पुढे येणार? शिवाय त्यातल्या कुणी स्वतः काही पाहिलं नव्हतं. 'असं ऐकलं' हे ऐकणाऱ्याने लिहिलं होतं, आणि वाचणाऱ्याने 'असं घडलं' म्हणून पुढे सांगितलं होतं. मधल्या मधे कुठेतरी एक शब्द बदलला.

गोखल्यांनी ऑगस्ट १८९७ च्या सुरुवातीला जाहीर, बिनशर्त माफी मागितली. गव्हर्नरची मागितली आणि प्लेगच्या कामावरच्या सोल्जरांचीही मागितली. ती मुंबईत छापून आली आणि जिथे मूळ आरोप छापला होता त्या 'मँचेस्टर गार्डियन'मध्येही आली.

पुण्यातल्या लोकांना हे अजिबात रुचलं नाही. भित्रा, शेपूटघालू, सगळं ऐकून घ्यावं लागलं. डिसेंबरात अमरावतीला काँग्रेस भरली तिथेही त्यांना कुणी जवळ केलं नाही. एका हुशार माणसाचं सार्वजनिक आयुष्य इथेच संपलं असं वाटावं अशी वेळ होती. गोखल्यांनी काय केलं? पुढच्या वर्षी पुण्यात पुन्हा प्लेग आला तेव्हा स्वयंसेवक म्हणून प्लेगच्या कामाला लागले. घरोघर गेले. नंतरची त्यांची कारकीर्द आपल्याला माहीत आहे.

या गोष्टीतून मी घेतलेली सगळ्यांत मोठी गोष्ट मात्र गोखल्यांच्या मोठेपणाची नाही. ती वेगळीच आहे आणि जरा बोचरी आहे. पुण्यातल्या झडत्यांमध्ये जुलूम झाला होता. देवघरं बाटवली गेली, बायकांचा अपमान झाला, सामानाची नासधूस झाली. या तक्रारी खऱ्या होत्या, त्यांना पत्ते होते, साक्षीदार होते. पण सगळ्यांत जास्त गाजली ती जिला पुरावा देता आला नाही अशी एक गोष्ट. ती मागे घ्यावी लागताच सरकारला तोंड वर करून म्हणता आलं, बघा, हे लोक असेच खोटं बोलतात! एका न तपासलेल्या गोष्टीने शंभर खऱ्या तक्रारींचा जीव घेतला. खरंच अन्याय झालेल्या माणसाचं नुकसान त्याच्या शत्रूइतकंच त्याच्या उत्साही हितचिंतकाने केलं.

इस्लामपूरचा 'प्रतोद'

मग सरकारने खोट्या बातम्यांवर कडक कायदा करावा, झालं! असं वाटतं ना? त्यासाठी पुण्याहून खाली उतरून इस्लामपूरला यावं लागेल.

आज इस्लामपूर सांगली जिल्ह्यात. पण सांगली जिल्हा झाला १९४९ मध्ये, 'दक्षिण सातारा' या नावाने, आणि त्याचं नाव सांगली झालं १९६० मध्ये. १८९७ मध्ये सांगली हे पटवर्धनांचं संस्थान होतं आणि इस्लामपूर इंग्रजांच्या सातारा जिल्ह्यात होतं. तिथून 'प्रतोद' नावाचं एक छोटं पत्र निघायचं. प्रतोद म्हणजे चाबूक. मे १८९७ मध्ये त्यात स्वतंत्र होण्याच्या तयारीविषयी एक लेख आला. उदाहरण होतं कॅनडाचं. प्लेगचा, झडत्यांचा, उंदरांचा काही संबंध नाही.

पण रँडच्या खुनानंतर सरकारची नजर सगळ्याच मराठी पत्रांकडे वळली होती. साताऱ्याच्या सेशन्स कोर्टाने 'प्रतोद'च्या संपादकाला जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा दिली, मालकाला सात वर्षांची. एका लेखासाठी! हायकोर्टात ती बरीच कमी झाली: संपादकाला एक वर्ष, मालकाला तीन महिने. त्या खंडपीठावर न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे होते, गोखल्यांचे गुरू. सरकारबद्दल नुसतं प्रेम नसणं म्हणजे 'अप्रीती' नव्हे, असं मत त्यांनी नोंदवलं. हे महत्त्वाचं, कारण त्याच सप्टेंबरात टिळकांच्या खटल्यात न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी ज्युरीला नेमकं उलट सांगितलं होतं, आणि टिळकांना अठरा महिने झाले होते.

मुद्दा असा, की घाबरलेल्या सरकारच्या हातात 'अफवा रोखण्याचं' हत्यार दिलं की ते फक्त अफवेवर चालत नाही. इस्लामपूरच्या त्या दोघांनी प्लेगबद्दल एक अक्षरही खोटं लिहिलेलं नव्हतं.

तेच गाव, २०२०

मार्च २०२० मध्ये महाराष्ट्राने कोरोनासाठी तोच १८९७ चा कायदा बाहेर काढला. त्याखालच्या नियमांत एक कलम सोशल मीडियावर होतं: खातरजमा केल्याशिवाय आणि आरोग्य खात्याच्या किंवा कलेक्टरच्या परवानगीशिवाय कोरोनाबद्दलची माहिती पसरवू नये. आर्थर रोडचं ते जुनं इस्पितळ आता कस्तुरबा रुग्णालय आहे, आणि मुंबईतले पहिले कोरोना रुग्ण तिथेच ठेवले होते. योगायोग म्हणा.

दुसरा योगायोग आमच्याकडचा. २३ मार्च २०२० ला सांगली जिल्ह्यातले पहिले रुग्ण सापडले ते इस्लामपूरला. परदेशातून परतलेले एकाच कुटुंबातले चौघे. पुढच्या काही दिवसांत त्यांच्या नात्यातले आणि संपर्कातले मिळून आकडा पंचवीसच्या आसपास गेला. सगळ्या महाराष्ट्रात इस्लामपूरचं नाव झालं. प्रशासनाने भाग बंद केला, संपर्कातली माणसं शोधून वेगळी ठेवली, आणि एप्रिलमध्ये बहुतेक जण बरे होऊन घरी गेले. काम चोख झालं. पण तेवढ्या दिवसांत आमच्या ग्रुपांवर जे फिरलं ते आजाराबद्दल नव्हतं, त्या घराबद्दल होतं. कोण आले, कुणाला भेटले, मुद्दाम केलं, लपवलं... ज्या माणसांना आधीच श्वास लागलाय त्यांच्यावर जिल्ह्याने खटला चालवून शिक्षाही ठोठावली होती. असं एकदा दिसलं की पुढचा माणूस काय करणार? ताप आला तर लपवणार. १८९७ मध्ये सोल्जरच्या भीतीने रुग्ण लपवायचे, २०२० मध्ये ग्रुपच्या भीतीने.

आणि मोमियाईचं काय झालं? ती पण जिवंत आहे. १६ एप्रिल २०२० ला पालघर जिल्ह्यात गडचिंचले इथे दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर यांना जमावाने ठार मारलं. त्याआधी त्या भागात मुलं पळवणारे, अवयव काढणारे फिरतायत अशी आवई फोनवरून पसरली होती. त्याच्या दोन वर्षं आधी, १ जुलै २०१८ ला, धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला मंगळवेढ्याकडच्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना असंच मारलं होतं. आणि सप्टेंबर २०२२ मध्ये आमच्याच सांगली जिल्ह्यात, जत तालुक्यातल्या लवंगा गावी, उत्तर प्रदेशातून आलेल्या चार साधूंना मुलं पळवणारे समजून मारहाण झाली. ते वाचले. राणीच्या जागी किडनीचा व्यापारी आला, बाकी कथानक १८९६ चंच.

राईनपाड्यानंतर, जुलै २०१८ मध्ये, व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाच चॅटपुरतीच फॉरवर्डची मर्यादा घातली. एप्रिल २०२० मध्ये खूप फिरलेला मेसेज एका वेळी एकाच चॅटला पाठवता येईल असं केलं. आपल्या धंद्याच्या भाषेत याला रेट लिमिट म्हणतात. उपयोग होतोच, वेग कमी होतो. पण मेसेज खरा की खोटा हे त्या कोडला कळत नाही. ते काम त्याने पाठवणाऱ्याकडेच ठेवलंय.

फोन बंद करून चालणार नाही

एवढं वाचून कुणी म्हणेल, साथीच्या काळात सोशल मीडिया बंदच ठेवावा. तसं नाही हो! एप्रिल-मे २०२१ आठवा. बेड, ऑक्सिजन, रेमडेसिव्हिर, प्लाझ्मा. सांगली-सातारा-पुणे सगळीकडे लोक फोनवरून एकमेकांना वाचवत होते. ३० एप्रिल २०२१ ला सुप्रीम कोर्टाने सरकारांना बजावलं की सोशल मीडियावर मदत मागणाऱ्या नागरिकांवर कारवाई करू नका. इस्लामपूरच्या 'प्रतोद'पासून इथपर्यंत यायला सव्वाशे वर्षं लागली.

पण तेव्हाही मेसेज दोन प्रकारचे होते. एक: 'अमुक ठिकाणी बेड आहेत, जास्तीत जास्त लोकांना पाठवा'. कधीचे बेड, कुणी विचारलं, काही नाही. तीन दिवसांपूर्वीचा तो मेसेज अजून फिरतोय आणि फोन करून करून लोक रडकुंडीला आलेत. दुसरा: 'संध्याकाळी साडेचारला मी स्वतः फोन केला, दोन बेड आहेत, ऑक्सिजन नाही'. आम्ही मित्रांनी एक शीट केली होती, त्यात ओळी कमी आणि खोडाखोड जास्त. कोणी कधी तपासलं हा कॉलम रिकामा असेल तर ती ओळ उडवायची, एवढा एकच कडक नियम. कॅशमधला शिळा डेटा प्रॉडक्शनवर गेला की काय होतं हे आपल्याला रोज दिसतं. तिथे फक्त पेज चुकतं. इथे एखाद्याच्या आईला घेऊन रिक्षा चुकीच्या हॉस्पिटलला जाते.

तर १८९७ आणि २०२० मिळून माझ्यापुरते मी काही नियम केलेत. पटले तर घ्या.

पहिला: 'पाहिलं' आणि 'ऐकलं' यांतला फरक पुसायचा नाही. ज्याने पाहिलं त्याच्यापर्यंत जाता येत नसेल तर पुढे पाठवायचं नाही. पाठवणं भागच असेल तर 'ऐकीव आहे' असं लिहूनच पाठवायचं.

दुसरा: तारीख, वेळ, ठिकाण नसलेली माहिती ही माहिती नाही.

तिसरा: आजारी माणसाचं नाव, घर, जात, धर्म, फोटो, यातलं काही फिरवायचं नाही. प्रशासनाला ते लागतं, ग्रुपला लागत नाही.

चौथा: तक्रार जरूर करायची, पण त्यातली सगळ्यांत भक्कम गोष्ट घेऊन. सगळ्यांत भयंकर गोष्ट घेऊन नाही. गोखल्यांच्या मित्रांनी एकेका घराचा पत्ता आणि तारीख लिहून पाठवली असती तर कदाचित इतिहास वेगळा असता.

पाचवा आणि सगळ्यांत अवघड: चूक कळली तर दुरुस्ती त्याच जागी, तेवढ्याच ठळकपणे. मेसेज गुपचूप डिलीट करणं म्हणजे दुरुस्ती नाही. तोवर तो चाळीस जणांनी पुढे पाठवलेला असतो.

काकांचं काय करायचं, हा प्रश्न उरतोच. :) आमच्या एका काकांनी २०२० मध्ये काढ्याचा मेसेज टाकला होता, कोरोना हमखास बरा होतो म्हणून. चुलत भावाने ग्रुपवरच लिंक टाकून त्यांना खोटं पाडलं. काका चिडले आणि दुसऱ्या दिवशी तसलेच आणखी पाच मेसेज आले. मग आत्याने त्यांना फोन केला. "दादा, काढा घ्या हो रोज, चांगलाच आहे. पण उद्या कुणी नुसता काढाच घेत बसला आणि दवाखान्यात गेलाच नाही, तर तुमच्यावर बोल येईल. तुमचं नाव आहे भावकीत." संध्याकाळी काकांनी स्वतः लिहिलं: 'काढा घ्यावा, पण ताप आल्यास डॉक्टरांना दाखवणे.' आत्याने ना सूत्र वाचलं होतं ना इतिहास. काकांना ऐकावंसं वाटेल असं माणूस कोण, एवढं मात्र तिला नेमकं ठाऊक होतं.

पुढची साथ कुठली असेल आणि कधी येईल, सांगता येत नाही. तेव्हा हातात फोनऐवजी दुसरंच काहीतरी असेल. तोवर आपल्या ग्रुपवर अशी एखादी आत्या आहे का बघून ठेवा. नसेल तर ती जागा रिकामी आहे, अर्ज करायला हरकत नाही.

असो. आज जरा लांबलंच. पुढच्या शनिवारी भेटू.